एकिनेशियाच्या वाफ्यात शेजारी कोणते लावावेत?

कोवळे_ऊन

नमस्कार मंडळी. माझ्याकडे तीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असा एक वाफा आहे आणि त्यावर उन्हाळ्यात रोज किमान सात तास थेट ऊन असते. दोन वर्षांपूर्वी मी तिथे एकिनेशिया पर्प्युरियाची, म्हणजे गुलाबी पाकळ्यांच्या एका बहुवर्षायू फुलझाडाची, नऊ रोपे लावली. पहिल्या वर्षी त्यांनी पाने आणि मुळे सांभाळली, दुसऱ्या वर्षी फुले चांगली आली, पण मधली जमीन उघडीच राहिली आणि तिथे तणाने ठाण मांडले. म्हणून मी समोरच्या कडेला होस्टा आणि मधल्या जागेत मोनार्डा लावला. दोन्ही निवडी मी फोटो पाहून केल्या, हे कबूल करते.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. होस्टाच्या पानांच्या कडा उन्हाने करपल्या, म्हणून मी ठिबकचे पाणी एक दिवसाआड ऐवजी रोज सुरू केले. होस्टा तरीही सुधारला नाही. मात्र एकिनेशियाची दोन झाडे भर उन्हाळ्यात, माती ओली असताना माना टाकून उभी राहिली. त्यांपैकी एक हलक्या हाताने ओढून पाहिले, तर जमिनीलगतचा गड्डा, म्हणजे जिथून दांडे आणि मुळे फुटतात तो भाग, मुळांपासून सुटून हातात आला. तो आतून तपकिरी आणि बुळबुळीत झाला होता, त्याला साचलेल्या पाण्याचा वास येत होता, आणि बारीक मुळांची साल बोटांनी ओढताच मोजा निघावा तशी निघून येत होती. मोनार्डाचे तर विचारूच नका; लावली होती तीन रोपे, आता तो एकिनेशियाच्या झुडपांतूनच डोके काढतो आहे.

होस्टा आणि मोनार्डा दोन्ही काढून टाकण्याचे ठरवले आहे. एकिनेशियाची सात झाडे शिल्लक आहेत. त्यांच्यासोबत लावण्यासाठी मी बारा प्रकारांची यादी केली आहे: रुडबेकिया, गैलार्डिया, कोरिऑप्सिस, शास्ता डेझी, यारो, लियाट्रिस, अ‍ॅस्टर, साल्व्हिया नेमोरोसा, नेपेटा, सेडम, लॅव्हेंडर आणि फ्लॉक्स. सगळी मिळून एकतीस रोपे होतात. यांतील कोणती ठेवावीत, कोणती गाळावीत आणि मुख्य म्हणजे ती कोणत्या कसोटीवर ठरवावीत, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

मूळाक्षर

आपण हातात आलेल्या गड्ड्याचे वर्णन केलेत, त्यातच निम्मे उत्तर आहे. ती झाडे पाण्यावाचून सुकली नाहीत, पाण्याने गेली. मुळे कुजली की झाड पाणी ओढू शकत नाही, पाने लोंबतात, आणि लोंबलेली पाने पाहून माणूस आणखी पाणी घालतो. या रोपांची पत्रिका रंगापुरती जुळली होती, पाण्याची जुळलीच नाही. होस्टाला सावली आणि सतत ओल हवी. एकिनेशियाला एकदा रुजल्यावर दोन पाण्यांच्या मध्ये माती वरून वाळलेली चालते, किंबहुना तिला तेच मानवते. एका वाफ्यात पाण्याची नळी एकच असते, त्यामुळे दोघांपैकी एकाचे मरण ठरलेले होते.

म्हणून माझी कसोटी अगदी साधी आहे. एकिनेशियाचे लाड करताना जे करायचे नाही, ते शेजाऱ्यासाठी करावे लागत असेल, तर तो शेजारी नको. तिच्यासाठी मी रोज पाणी देणार नाही, वारंवार खत देणार नाही, आणि मुळांभोवती दरवर्षी खणणार नाही. या तीन गोष्टींवाचून जे झाड खुशीत राहते तेवढेच यादीत ठेवावे. फ्लॉक्स या कसोटीवर लगेच बाद होतो, कारण त्याला ओलसर आणि कसदार माती लागते, आणि मुळाशी कोरड पडली की त्याच्या पानांवर भुरी आलीच म्हणून समजा.

खताबद्दल वेगळे सांगतो, कारण इथे बहुतेकांची चूक होते. नत्र जास्त झाले की एकिनेशियाची पाने हिरवीगार आणि रुंद होतात, दांडे उंच पण पोकळ वाटावेत इतके मऊ होतात, आणि पहिल्या जोरदार पावसात सगळे आडवे होते. लावताना एकदा कुजलेले कंपोस्ट मातीत मिसळले की पुढे वर्षाकाठी एक पातळ थर पुरतो. म्हणजे खादाड शेजारी नकोत.

नवीन काही लावण्याआधी निचरा तपासा. वाफ्यात तीस सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, तो पाण्याने भरून पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि दर तासाला पाणी किती उतरते ते पट्टीने मोजा. तासाला अडीच सेंटिमीटर किंवा अधिक उतरले तर काळजी नाही. त्याहून कमी असेल, तर आधी वाफा पंधरा-वीस सेंटिमीटर उंच करा, झाडांची निवड नंतर. चिकणमातीत नुसती थोडी वाळू मिसळू नका. त्याने माती मोकळी होण्याऐवजी घट्ट बसण्याची शक्यता अधिक. कंपोस्ट मिसळणे आणि उंचवटा करणे हाच खरा उपाय आहे.

आणखी एक गोष्ट. पर्प्युरिया या जातीची मुळे तंतुमय आणि पसरट असतात, तर पॅलिडा आणि अँगस्टिफोलिया या जातींना खोल जाणारे सोटमूळ असते. सोटमुळाच्या जातीशेजारी उथळ मुळांचे झाड सहज नांदते. आपल्याकडे पर्प्युरिया असल्यामुळे वरच्या वीस-पंचवीस सेंटिमीटरमध्येच गर्दी होणार, म्हणून आडवी मुळे पाठवत सुटणारे कोणीही नको. मोनार्डाचा अनुभव आपण घेतलाच आहे. साधा यारोही त्याच चालीचा.

निळा_तुरा

मूळाक्षर यांच्याशी सहमत, पण पाणी आणि खत जुळले म्हणजे झाले असे नाही. वेळही जुळावी लागते, किंवा अधिक अचूक सांगायचे तर चुकावी लागते. एकिनेशिया वसंतात उशिरा जागी होते. तिची पाने जमिनीलगत पसरत असताना वाफा जवळजवळ रिकामा दिसतो, आणि फुले उन्हाळ्याच्या मध्यावर सुरू होऊन शरदाच्या तोंडापर्यंत चालतात. शेजाऱ्याने तिच्या आधीचे ते रिकामे आठवडे भरून काढावेत, आणि तिच्या नंतरही कोणीतरी असावे.

आधीच्या काळासाठी माझी निवड साल्व्हिया नेमोरोसा, त्यातही 'काराडोना' हा वाण. त्याचे तुरे जांभळट निळे, दांडे जवळजवळ काळे आणि ताठ, उंची पंचेचाळीस ते साठ सेंटिमीटर. वसंताच्या शेवटी तो फुलतो, आणि पहिला बहर ओसरताच तुरे खालपर्यंत कापले की काही आठवड्यांत दुसरा, थोडा विरळ बहर येतो. हा दुसरा बहर एकिनेशियाच्या पहिल्या फुलांना नेमका गाठतो. आडव्या, पसरट फुलांशेजारी उभा तुरा हवाच. सगळीच फुले बशीच्या आकाराची असली की वाफा दुकानात मांडलेल्या भांड्यांसारखा दिसतो.

नेपेटाही याच कामाचा आहे, पण तुमच्या वाफ्याची रुंदी पाहता मी तो टाळेन. त्याच्या 'वॉकर्स लो' या वाणाच्या नावात 'लो' म्हणजे बुटका असेल असे वाटते. प्रत्यक्षात ते नाव एका बागेचे आहे, उंचीशी त्याचा संबंध नाही. झाड पाऊण मीटरपर्यंत वाढते आणि तेवढेच पसरते. दीड मीटरच्या वाफ्यात तो एकिनेशियाच्या अंगावर रेलणार.

वाळकी_पाने

आपल्या यादीत एकही गवत नाही, याचे मला आश्चर्य वाटले. एकिनेशियाचे मूळ घर उत्तर अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातील माळराने आणि विरळ रानांच्या कडा. तिथे ती गवतांत उभी असते. तिचे लांब दांडे भोवतालच्या पात्यांच्या आधाराने सरळ राहतात. बागेत आपण तिला एकटी उभी करतो आणि मग बांबूच्या काड्या लावत बसतो.

माझा आग्रह लिटल ब्लूस्टेमसाठी आहे. हे गवत झुबक्याने वाढते, आडवे पळत नाही, साठ ते नव्वद सेंटिमीटर उंच होते आणि कमी कसाच्या जमिनीतच ताठ राहते. कसदार मातीत तेही लोळते, म्हणजे एकिनेशियाच्या आणि त्याच्या गरजा इथे तंतोतंत जुळतात. उन्हाळ्यात पाती निळसर हिरवी असतात, शरदात तांबूस-केशरी होतात, आणि त्या वेळी एकिनेशियाची काळी पडलेली बोंडे, म्हणजे फुलांचे मधले फुगीर भाग, त्यांच्यासमोर अशी उठून दिसतात की मी ती कापायला कधीच धजावत नाही. मात्र हे उष्णतेत वाढणारे गवत असल्याने वसंतात उशिरा फुटते; ते मेले असे समजून उपटून टाकू नका. माझ्या हातून हे एकदा घडले आहे.

बारीक केसांसारख्या पानांचे मेक्सिकन फेदर गवतही अनेकजण सुचवतील. ते देखणे आहे यात शंका नाही, पण बी वाऱ्यावर दूर जाते आणि काही प्रदेशांत त्याची गणना उपद्रवी वनस्पतींत झाली आहे. आपल्या भागात त्याची स्थिती काय आहे हे पाहिल्याशिवाय लावू नये.

सुकलेली बोंडे राखण्याचा विचार माझा एकट्याचा नाही. शिकागोतील ल्युरी गार्डन ही बाग २००४ मध्ये खुली झाली. तिथली बहुवर्षायू झाडांची मांडणी डच उद्यानरचनाकार पीट औडोल्फ यांची आहे. फूल सरल्यानंतर झाडाचा सांगाडा कसा दिसतो, यालाही ते फुलाइतकेच महत्त्व देतात. शेजारी निवडताना त्या झाडाचा फुललेला फोटो एकदा पाहा आणि वाळलेला फोटो दोनदा पाहा.

अर्धी_ओंजळ

लॅव्हेंडरबद्दल कोणीच बोलले नाही. तिलाही ऊन लागते, तीही कोरड सोसते. मग ती का नको?

मूळाक्षर

लॅव्हेंडर आणि एकिनेशिया शेजारी शेजारी जगतात, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत, त्यामुळे 'नकोच' असे म्हणणार नाही. पण दोघींच्या कोरडेपणाच्या कल्पना वेगळ्या आहेत. लॅव्हेंडर ही भूमध्य सागराभोवतालच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरची. उन्हाळ्याचे महिने पावसावाचून काढण्याची तिला सवय आहे. एकिनेशिया ज्या माळरानावरून आली तिथे उन्हाळ्यातही पाऊस पडतो. ती कोरड सोसते, पण लांबलेल्या कोरडीत फुले लहान आणि मोजकी देते. म्हणजे आठवड्यातून एकदा दिलेले खोल पाणी एकिनेशियाला आनंदाचे आणि लॅव्हेंडरला, विशेषतः जड मातीत, धोक्याचे. वाफ्याचा एक टोकाचा भाग उंच आणि खडीमिश्रित करता येत असेल तर तिथे लॅव्हेंडर लावा. एका पातळीच्या वाफ्यात मी जोखीम घेणार नाही.

पाकोळी

यादी वाचताना मला एक गोष्ट खटकली आणि ती अजून कोणी मांडलेली नाही. आपल्या बारा नावांपैकी रुडबेकिया, गैलार्डिया, कोरिऑप्सिस, शास्ता डेझी, यारो, लियाट्रिस आणि अ‍ॅस्टर ही सात एकिनेशियाच्याच कुळातली, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातली आहेत. रुडबेकिया तर इतकी जवळची, की वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये आपल्या या एकिनेशियाला रुडबेकियाच म्हटले होते. ती वेगळी काढली मोएंख या वनस्पतिशास्त्रज्ञाने, १७९४ मध्ये.

कुळ एक असणे हा गुन्हा नव्हे, पण या कुळाला अ‍ॅस्टर यलोज नावाचा रोग वारंवार होतो. तो फायटोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवामुळे होतो आणि तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. लागण झालेल्या एकिनेशियाच्या पाकळ्या हिरवट आणि आखूड राहतात, बोंडातून पानांचे गुच्छ फुटतात, आणि झाड हळूहळू पिवळे पडते. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट काढून वाफ्याबाहेर टाकणे एवढेच हाती उरते. हा रोग इतर अनेक कुळांतही जातो, त्यामुळे शेजारी बदलल्याने तो पूर्ण टळेल असे मी म्हणत नाही. पण सगळा वाफा एकाच कुळाचा ठेवणे म्हणजे तुडतुड्यांच्या तोंडापाशी ताट वाढून ठेवणे आहे. सात नावांपैकी एक किंवा फार तर दोन ठेवा.

एक सावधगिरी: बोंडावर केवळ मधोमध पिसाऱ्यासारखे वेडेवाकडे झुबके आले असतील आणि बाकीचे झाड निरोगी असेल, तर तो बहुधा सूक्ष्म कोळ्यांचा प्रताप असतो. अशा वेळी फक्त फुले कापून टाकली तरी चालते. घाबरून आख्खे झाड उपटू नये.

जाता जाता फुलांच्या ठेवणीबद्दलही सांगते, कारण कीटक यावेत ही आपली इच्छा असेलच. अमेरिकेतील डेलावेअर राज्यातल्या माउंट क्यूबा सेंटर या वनस्पती उद्यानात २०१८ ते २०२० या काळात एकिनेशियाच्या अनेक वाणांची तुलना झाली, आणि भरगच्च दुहेरी फुलांकडे परागवाहक कीटक एकेरी फुलांच्या मानाने कमी वळतात असे तिथे दिसले. कारण उघड आहे. मध आणि पराग असतात ते बोंडावरच्या बारीक फुलांत, आणि दुहेरी वाणात त्यांच्याच जागी पाकळ्या आलेल्या असतात. हाच नियम शेजाऱ्यांनाही लावावा.

रंगारी

इथे रंगाविषयी बोलणे म्हणजे जणू काही थिल्लरपणा, असा सूर लागला आहे, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. पाणी आणि माती जुळलेली दहा झाडे मिळाली, तर त्यांतून पाच निवडायची कशी? तिथे डोळाच लागतो. रंगावरून निवड सुरू केली ही कोवळे_ऊन यांची चूक होती. रंग पाहिला ही चूक नव्हती.

पर्प्युरियाच्या पाकळ्यांचा गुलाबी रंग निळ्याकडे झुकलेला असतो. त्याच्याशेजारी रुडबेकियाचा किंवा गैलार्डियाचा पिवळा-नारिंगी रंग आला, की दुपारच्या उन्हात दोघेही एकमेकांवर ओरडतात. पण फूल जवळून पाहिले आहे का? मधले बोंड एकरंगी नसते. त्यावरच्या टोकदार काट्यांची टोके केशरी असतात, बुडाशी ती हिरवट होत जातात, आणि बारीक फुले कडेपासून आत, एकेका वर्तुळाने उमलत जातात. ज्या दिवशी जे वर्तुळ उमललेले असते त्यावर परागाची पिवळी रेघ दिसते. म्हणजे या फुलात गुलाबी, केशरी आणि हिरवा हे तिन्ही रंग मुळातच आहेत. शेजाऱ्याने पाकळीचा रंग गिरवू नये, बोंडातला एखादा रंग उचलावा. वाळकी_पाने यांचे तांबूस होणारे गवत हे काम सुरेख करते. निळा-जांभळा साल्व्हिया गुलाबीला थंड करतो. आणि सेडमचा 'हर्बस्टफ्रॉइडे' हा जुना वाण घेतलात, तर त्याचे तुरे आधी फिकट हिरवे, मग गुलाबी, मग विटकरी होत जातात. एकिनेशिया ओसरत असताना तो रंगात येतो. सेडमलाही कसदार माती मानवत नाही, तो मधोमध फाकतो, तेव्हा मूळाक्षर यांची कसोटीही तो पार करतो.

लियाट्रिस मात्र याच कुळातली असूनही मी सोडणार नाही. तिचा तुरा वरून खाली फुलतो, बाकीच्या बहुतेक तुऱ्यांच्या उलट, आणि एकिनेशियाच्या बशीशेजारी तो उभा निळसर गुलाबी दांडा दिसला की आणखी काही लागत नाही. पाने गवतासारखी, जागा अगदी थोडी.

कोवळे_ऊन

सर्वांचे मनापासून आभार. निचरा तपासला, दुसऱ्यांदा भरलेले पाणी तासाला साधारण तीन सेंटिमीटर उतरले, म्हणजे दोष मातीचा नसून माझ्या नळीचा होता. पाणी आता आठवड्यातून एकदा, पण खोल देते आहे. होस्टा सावलीच्या कोपऱ्यात हलवला. मोनार्डा खणून काढताना एकेक पांढरी मुळी हातभर लांब निघाली. अजून किती राहिली असतील देव जाणे.

नवी यादी अशी आहे: साल्व्हिया, लिटल ब्लूस्टेम, सेडम, लियाट्रिस, आणि निळा_तुरा यांची क्षमा मागून नेपेटा. नेपेटाचा वास मला फार आवडतो. संख्या मात्र मी पूर्वीचीच, म्हणजे एकतीस धरली आहे. चालेल का?

मूळाक्षर

चालणार नाही, आणि हे मत नाही, गुणाकार आहे. वाफा साडेचार चौरस मीटरचा. या आकाराच्या झाडांना सरासरी पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर धरले, तर एका झाडाला सुमारे शून्य पूर्णांक दोन चौरस मीटर जागा लागते, म्हणजे संपूर्ण वाफ्यात बावीस झाडे. त्यांपैकी सात आपल्याकडे आहेत. उरल्या पंधरा जागा. एकतीस रोपे आणली तर पहिल्या वर्षी वाफा भरगच्च दिसेल, आणि दुसऱ्या वर्षी हवा खेळेनाशी होऊन खालची पाने काळी पडतील. मग काढाकाढी करताना पर्प्युरियाची उथळ मुळे तुटतील, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

सात साल्व्हिया, चार ब्लूस्टेम, तीन सेडम, आणि हट्टच असेल तर एक नेपेटा, तोही कोपऱ्यात. लियाट्रिस या हिशेबात धरू नका. तिचे कंद तीन-तीनच्या पुंजक्यांत एकिनेशियाच्या मागे खोचता येतात. फक्त तिथे हिवाळ्यात पाणी थांबणार नाही हे पाहा, आणि उंदरांसारखे कुरतडणारे प्राणी येत असतील तर कंदांभोवती बारीक जाळी पुरा. हे कंद त्यांना फार आवडतात.

लावताना एकिनेशियाचा गड्डा मातीच्या पातळीत राहिला पाहिजे, त्यावर आच्छादन चढता कामा नये. लाकडाचा भुसा किंवा पाने गड्ड्याला भिडवून रचली की ओल तिथेच कोंडते. मी गड्ड्याभोवती बोटभर जागा मोकळी सोडून बारीक खडीचा तीन-चार सेंटिमीटर थर देतो.

निळा_तुरा

क्षमा केली, पण नेपेटाबद्दल मी सांगितले होते, एवढे लक्षात असू द्या.

दोन सूचना आणखी. पंधरा लहान रोपे लावल्यावर पहिल्या वर्षी मोकळ्या जागा दिसणारच, आणि तिथे कॉसमॉस किंवा झिनिया लावण्याचा मोह होईल. उंच कॉसमॉस कोवळ्या रोपांवर सावली धरतो, आणि दोघेही पाकोळी यांनी सांगितलेल्या त्याच कुळातले आहेत. त्याऐवजी निगेला किंवा कॅलिफोर्निया पॉपीचे बी थेट वाफ्यात विरळ फेका. दोघांनाही रोप उपटून लावलेले आवडत नाही, त्यामुळे वाटीत रुजवण्याच्या भानगडीत पडू नका. दोन्ही वर्षायू आहेत, हलकी आहेत, आणि झाडे वाढली की त्यांना आपोआप जागा उरत नाही.

दुसरी सूचना अ‍ॅलियमची. हा कंद वसंताच्या अखेरीस गोल जांभळे चेंडू देतो, पण फुलेपर्यंत त्याची पाने पिवळी पडून लोळू लागतात आणि फार बावळट दिसतात. ती पाने कापता येत नाहीत, कारण पुढच्या वर्षीचे अन्न कंदात त्यांच्याकडूनच जाते. नेमक्या त्याच वेळी एकिनेशियाची रुंद पाने वर येत असतात आणि हा पसारा झाकून टाकतात. शरदात एकिनेशियाच्या दोन झाडांमध्ये, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, पाच-सहा कंद पुरून ठेवा.

अर्धी_ओंजळ

बोंडे ठेवायची की कापायची, हे शेवटी ठरले नाही. मी वाळलेली फुले लगेच कापते, त्याने नवी फुले येतात असे ऐकले आहे.

वाळकी_पाने

दोन्ही करा, फक्त क्रमाने. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात ओसरलेली फुले खालच्या फुटव्यापर्यंत कापली की नव्या कळ्या धरतात. शेवटची फुले मात्र तशीच ठेवा. बी खायला लहान पक्षी येतात, आणि दांडे हिवाळाभर उभे राहतात. नवे कोंब जमिनीतून दिसू लागले की मगच जुने दांडे आणि ब्लूस्टेमचा झुबका कापा. झुबका जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटर राखून कापावा. बी सांडून आसपास रोपे उगवतील. ती हवी तेवढी ठेवता येतात, पण आपले झाड संकरित वाण असेल तर बियांची रोपे आईसारखी निघतीलच असे नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. पिवळ्या-केशरी संकरांच्या घडणीत पॅराडॉक्सा या पिवळ्या जातीचा वाटा आहे, आणि असे कित्येक वाण पर्प्युरियाइतके टिकाऊ नसतात. कोवळे_ऊन यांनी साधी जात लावली हे उत्तम केले.

कोवळे_ऊन

वर्षभराने परत लिहिते आहे. पंधराही रोपे जगली. साल्व्हिया पहिल्यांदा फुलला तेव्हा एकिनेशिया वीतभरही नव्हती, आणि सांगितल्याप्रमाणे तुरे कापल्यावर दुसरा बहर एकिनेशियाच्या पहिल्या फुलाच्या पाचव्या दिवशी उघडला. मी तारीख लिहून ठेवली होती. ब्लूस्टेमचा एक झुबका वसंतात इतका उशिरा जागा झाला, की हात त्याच्याकडे दोनदा गेला आणि वाळकी_पाने यांचे वाक्य आठवून मागे घेतला. लियाट्रिसच्या नऊ कंदांपैकी दोन कोणीतरी खाल्ले. जाळी मी फक्त एकाच पुंजक्याला लावली होती, आणि गेलेले दोन्ही दुसऱ्या पुंजक्यांतले. मोनार्डाचे चार कोंब निघाले, चारही उपटले, आणि काल पाचवा दिसला.

नेपेटा ऐटीत कोपऱ्यातून निघून सगळ्यात जवळच्या एकिनेशियावर आडवा पडला आहे. त्याखालची पाने उचलून पाहिली, तर गड्ड्याजवळची दोन पिवळी आणि ओलसर होती. नेपेटाला मी निम्म्यावर छाटले असून हवामान थंड झाले की त्याला वाफ्याबाहेर, पायवाटेच्या कडेला हलवणार आहे. त्या रिकाम्या होणाऱ्या एका जागेत आठवा साल्व्हिया लावावा की चौथा सेडम?

निळा_तुरा

सेडम. साल्व्हिया पुरेसा आहे, आणि तो कोपरा शरदात रिकामा दिसत असेल.

रंगारी

सेडमच. आणि लावण्याआधी तिथली माती पंधरा दिवस उघडी राहू द्या, ती पिवळी पाने ओलीमुळेच झाली असतील.